परवाना लागत नसल्याचा दाखला

निवृत्तीनंतर माणसं कुंडीत मिरच्या लावतात, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीचा छळ करतात. मी लोकांना मासे ओळखायला शिकवू लागलो. म्हणजे मोबाईलसमोर उभं राहायचं, पापलेटचा कल्ला उघडून दाखवायचा आणि 'लाल असेल तर घ्या, तपकिरी असेल तर पुढे चला' असं साहेबी थाटात सांगायचं. एवढ्या भांडवलावर मला अकरा हजार फॉलोअर मिळाले. खातं भाच्याने उघडून दिलं होतं आणि शूटिंग बायको करायची. पहिल्या वीसेक रील्समध्ये माशापेक्षा तिचा अंगठाच जास्त दिसतो.

त्याआधी एकतीस वर्षं मी फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होतो. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. माझ्या शिक्क्यावाचून लोकांची कामं अडतात असा माझा समज होता. तो खराही होता, कारण अडवणारा मीच होतो.

सिल्व्हर पार्कला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उत्तनजवळच्या पाली गावची एक मावशी सुकी मासळी घेऊन बसायची. वयाने ती माझ्याएवढीच असेल, पण मासळीवालीला मावशीच म्हणायचं असतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, पुढ्यात बोंबील, जवळा, वाकटी. आम्ही मुंबई सोडून इथे राहायला आलो तेव्हापासून आमच्या घरचे बोंबील तिचेच. मे महिन्यात लोक पावसाळ्याची बेगमी करतात, त्यामुळे तिचा वर्षाचा खरा धंदा त्या चार आठवड्यांतच व्हायचा.

यंदा एप्रिलच्या शेवटी गटाराच्या कामासाठी गल्लीचं तोंड खणलं. मावशीच्या जागेवर खड्डा आला आणि खड्ड्याभोवती पत्रे. चार दिवस तिने समोरच्या बाजूला बसून पाहिलं, तिथून एका दुकानदाराने उठवलं. मग ती पालीला घरीच राहिली. गिऱ्हाइकांना वाटलं, मावशीने धंदा बंद केला. वीस वर्षांची गिऱ्हाइकं, पण एकाचाही फोन नंबर तिच्याकडे नव्हता. जागा हाच तिचा नंबर होता.

एका दुपारी ती आमच्याकडे आली. चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी त्या मोबाईलवर सांगा, मावशी पालीला घरी हाय, बोंबील हाय. फुकट नको. तुमचा वाटा मी काडून ठेवीन."

अर्ध्या मिनिटाचं काम होतं. बायको तर फोन घेऊन उभीसुद्धा राहिली. पण 'वाटा' या शब्दापाशी माझं घोडं अडलं. मोबदला घेऊन सांगायचं म्हणजे ती जाहिरात झाली. त्याच आठवड्यात दुबईहून भाच्याचा फोन आला होता. तिकडे म्हणे इन्फ्लुएन्सरला जाहिरात करायची तर सरकारी परमिट काढावं लागतं. "मामा, आपल्याकडे काय लागतं ते बघून ठेवा," असं तो सहज म्हणाला. माझ्यातला कारकून ताडकन उठून बसला.

मी मावशीला म्हटलं, आधी परवाना काढतो, मग जे करायचं ते नियमात करू. तिला ते पटलं. "तुमी सरकारी मानूस, तुमाला ठाव," असं म्हणून, माझा नंबर घेऊन ती समाधानाने गेली. एवढ्या विश्वासाने माझ्याकडे निवृत्तीनंतर कुणी पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी संध्याकाळी जुनी फाईल काढून तिच्यावर 'जाहिरात परवाना' असं लिहिलं. खाली रेघ मारली. लाल पेनाने.

महापालिकेच्या जाहिरात परवान्यांच्या ऑफिसात गेलो. तिथला छापील अर्ज पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. जाहिरातीची लांबी, रुंदी. जमिनीपासूनची उंची. प्रकाशित की अप्रकाशित. मी घरून पट्टी नेली होती, कारण अर्ज अपुरा भरणाऱ्यांचा मला मनस्वी राग. मोबाईल मोजला. लांबी सहा इंच, रुंदी तीन. उंचीच्या रकान्यात 'पत्नीच्या हाताप्रमाणे, अंदाजे साडेचार फूट' असं लिहिलं आणि 'प्रकाशित'वर बरोबरची खूण केली.

टेबलापलीकडची मुलगी माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. तिने अर्ज दोनदा वाचला, पण हसली नाही. त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

"काका, हा होर्डिंगचा फॉर्म आहे," ती म्हणाली. "तुमच्या रीलला आमचा परवाना लागत नाही. जाहिरात आहे असं त्यावर स्पष्ट लिहा, की झालं."

इथे कुणीही शहाणा माणूस थँक यू म्हणून घरी गेला असता. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "तसं लेखी द्या."

तिने शांतपणे विचारलं की जे लागतच नाही, ते लागत नाही असं लेखी कसं देणार. हे वाक्य मी एकतीस वर्षांत असंख्य लोकांना ऐकवलंय. टेबलाच्या या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकलं आणि मला त्याचा भयंकर संताप आला. मी तिथल्या तिथे कोरा कागद मागून अर्ज लिहिला. विषय: परवान्याची आवश्यकता नसल्याबाबत दाखला मिळणेबाबत. तीन प्रती केल्या. एकीवर आवकचा शिक्का घेतला, तोही मीच तिला सांगून, सरळ मारायला लावून. मग ती प्रत छातीशी धरून घरी आलो.

मावशीचा फोन दर दोन-चार दिवसांनी यायचा. मी तिला प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते समजावून सांगायचो. तिला टप्पे काही कळत नसावेत, पण ती "बरं बरं" म्हणायची. एकदा बोलता बोलता म्हणाली की एक व्यापारी सगळा माल एकदम उचलतो म्हणत होता, भाव कमी देत होता, तिने नको सांगितलं. भाऊ मोबाईलवर सांगणार आहेत ना. मी म्हणालो, चांगलं केलंत.

मेचा तिसरा आठवडा उजाडला तेव्हा बायकोने पोळ्या लाटता लाटता विचारलं की त्या मुलीने तोंडी सांगितलं होतं, ते पुरेसं का नाही. मी नियम समजावू लागलो. तिने लाटणं खाली ठेवलं.

"तुम्हाला परवाना नकोय," ती म्हणाली. "तुम्हाला लाज वाटतेय. पापलेटचं ज्ञान सांगताना तुम्ही साहेब असता. बोंबील घ्या म्हटलं की विक्रेते होता."

मी जेवलो नाही. दोन तासांनी गुपचूप जेवलो. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आमच्या मजल्यावरची तीन घरं शाकाहारी, सुक्या मासळीच्या वासावरून सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला वाद. पापलेटवाले काका म्हणून लिफ्टमध्ये लोक कौतुकाने हसायचे. त्याच लिफ्टमध्ये बोंबीलवाले काका म्हणून उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. परवाना ही भाच्याने दुबईहून पाठवलेली सोय होती. हे मला त्या रात्री जेवतानाच कळलं, आणि तरीही सकाळी उठून मी उत्तराची वाटच पाहत बसलो. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

पत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. 'आपल्या अर्जातील बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' खाली सही, जावक क्रमांक, सगळं व्यवस्थित. मला इतका आनंद झाला की मी पत्राची झेरॉक्स काढली, ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली, बायकोला बरोबर घेतलं आणि उत्तनवरून चौकला जाणाऱ्या बसने निघालो. उत्तनला उतरून पुढे रिक्षा केली. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

पालीतल्या अरुंद गल्लीत मावशीचं घर. अंगणात बोंबील वाळवायचे बांबू उतरवून एका बाजूला रचलेले होते. मी ओट्यावर बसून तिला पत्र वाचून दाखवलं, 'या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही' हे दोनदा. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे करायला चालतंय," ती म्हणाली.

"चालतंय. पहिल्यापासूनच चालत होतं."

"पन आता माल न्हाय हाय, भाऊ." ती ओरडली नाही, रडलीही नाही. छपरातून ओल आली, गोण्यांना बुरशी धरली. खतवाला घेऊन गेला. व्यापाऱ्याला पुन्हा विचारलं होतं, तो म्हणाला आता नको. हे सगळं तिने बायकोला सांगितलं, माझ्याकडे न बघता. मग आत गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील होते, कडकडीत सुके. चुलीच्या वर ठेवून जपलेले.

"तुमचा वाटा," ती म्हणाली. "काडून ठेवीन बोलले होते."

मी नको म्हणालो. तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला, त्या फोल्डरच्या वर. एवढी लाज मला लिफ्टमध्ये कधीच वाटली नसती.

रील आम्ही तिथेच ओट्यावर केलं. बायकोचा अंगठा याही वेळी आलाय. मी मावशीचं घर सांगितलं, कुठल्या बसने यायचं ते सांगितलं, 'ही जाहिरात आहे' असं तोंडाने सांगितलं आणि खालीही लिहिलं. नवे बोंबील पावसाळ्यानंतर वाळतील, तेव्हा या. मावशीला फोनमध्ये बघायला लाज वाटत होती, म्हणून ती डब्याकडे बघत उभी आहे.

घरी पोचेपर्यंत खाली प्रश्नांची रांग लागली होती. ही आमचीच मावशी ना? आम्हाला वाटलं गेली. आत्ता थोडे तरी मिळतील का? आमच्या गल्लीतले होते, शांतीनगरचे होते, आमच्या मजल्यावरच्या शाकाहारी घरातली सूनही होती. तिने नवऱ्याला दाखवू नका असं लिहिलं होतं, सगळ्यांसमोर.

'माल संपला' असं लिहिता आलं असतं. बायको शेजारी बसली होती. मी चष्मा पुसला आणि पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं, 'बोंबील होते. मी वेळेवर सांगितलं नाही म्हणून कुजले.' मग दुसऱ्याखाली तेच लिहिलं. मग तिसऱ्याखाली.