स्टुलावरची उशी

४ मे १९९८. गच्चीवर कुरडया वाळत घालत होते, तेवढ्यात शेजारीण भर दुपारीच जुन्नरहून परतताना दिसली. हात रिकामे होते. एरवी तिच्या काखेत एक छोटी उशी असायची. कुठल्याही शिवणाच्या दुकानात मालक म्हणायचा, "आधी हात बघू." मग शेजारीण आपली उशी स्टुलावर टाकून लग्नसराईचे ब्लाउज फुकट शिवायची आणि संध्याकाळी उशी घरी आणायची. काम पक्कं झालं की उशी तिथंच ठेवायची, हे तिचं ठरलेलं.

मागच्या आठवड्यात नवा मालक गिऱ्हाइकाला म्हणाला, "आमच्या बाई शिवतील." त्या 'आमच्या'वर भुलून शेजारीण उशी दुकानात ठेवून आली.

"काय झालं गं?" मी वरूनच विचारलं.

"हात बसला न्हाई म्हनला, ताई."

"आणि शिवलेले ब्लाउज?"

"गेले की. बाया लई नावाजत व्हत्या."

"मग उशी तरी आणायचीस!"

"ऱ्हाऊ द्या तिथंच. काम वाढलं की बोलावतीन."

५ मे. सकाळी मी त्या दुकानात गेले. उशीवर एक नवी बाई हात दाखवायला बसली होती. तिला आधी पगार ठरवून घ्यायला सांगितलं, शिवायला टाकलेलं माझं कापड परत घेतलं. उशीला मात्र हात लावला नाही.