हळद लागलेली शेल

काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडं किस्से कसे साठतात, सांगू? गिऱ्हाईक बुश मागायला येतं, बुश घेऊन जातं आणि एखादी गोष्ट दुकानात विसरून जातं. वसमतला माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. इतक्या वर्षांत अशा विसरलेल्या गोष्टींनी गोदाम भरलं. पण त्यातला सगळ्यात भारी माल आमच्या कॉम्प्युटर मंडळाचा!

मंडळ म्हणजे तीन माणसं. कांबळे सर, हायस्कूलला गणित शिकवणारे. मी, दहावीत अडकलेला, जे काही येतं ते मॅन्युअल वाचून आलेलं. आणि राठोड, शेजारच्या दुकानात मोटारींचं वाइंडिंग करणारा. राठोड तांड्यावरचा, बारावी झालेला. सहा महिने वाइंडिंग, सहा महिने बायकोसोबत ऊसतोडीला. पोरगी चौथीत. दर साली तिची शाळा दिवाळीनंतर सुटायची ती पाडव्यापर्यंत.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. सरांच्या नादानं आम्ही दोघं पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकून राहिलो होतो. त्यातच एका कारखान्यानं (नाव सांगत नाही, आमचं गिऱ्हाईक आहे!) राठोडला बोलावलं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची पाळी लावणारा प्रोग्रॅम करून दाखव. पटला तर यंदा कॉम्प्युटरवर बस.

"अन् न्हाई पटला तर?" मी विचारलं.

"तर कोयता हायेच की, शेठ."

*

शेल म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपण एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, मशीन तिथल्या तिथं उत्तर देतं. समोरासमोर सौदा केल्यासारखं. आमच्याकडची जुनी शेल मुखदुर्बळ होती. तिच्याहून हुशार अशी एक सुधारलेली शेल निघाली होती आणि तिची ताजी आवृत्ती सरांच्या पुतण्यानं पुण्याहून सीडीवर पाठवली.

आता आमच्या दुकानात नवीन काही आलं, मग ते बेअरिंगचं खोकं का असेना, हळद-कुंकू लावल्याशिवाय उघडत नाहीत. हळदीच्या गावात हळदीला काय तोटा? मी सीडी घेतली, चकचकीत बाजू दिसली, म्हटलं हेच हिचं तोंड. दोन बोटं ओली हळद अन् वर कुंकू!

सर आले. सीडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"शेठ, हिचं लगीन कोणासंगं ठरलं?"

मग त्यांनीच ती साबणानं धुतली, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसली. मशीनमध्ये घातली तर पहिल्या दणक्यात चालली! मी म्हणालो, "बघा, हळदीचा गुण."

"साबणाचा," सर म्हणाले.

*

या शेलमध्ये नाव अर्धं लिहून टॅब दाबलं की उरलेलं ती स्वतः पूर्ण करते. राठोड तर हरखूनच गेला. दिवसभर टॅब, टॅब, टॅब!

तेवढ्यात एक म्हातारबुवा काउंटरवर आले. "शेठ, ते द्या बरं... ते... गोल..."

मी मागं न बघता साडेसात एच.पी.च्या मोटारीचं ऑइल सील काढून पुढं ठेवलं.

"व्हय, हेच!" म्हातारबुवा खूश.

राठोडनं कीबोर्डवरून मान वर केली. "सर, आपुन उगी पुण्याहून मागवलं."

*

दुसरी गंमत प्रश्नचिन्हाची. कशाचंही नाव लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं की शेल त्याची माहिती सांगते. ही बातमी बाजारात गेली आणि लोक बघायला यायला लागले. एक कापसाचे व्यापारी खुर्ची ओढून बसलेच. "वसमतचं विचारा बरं."

सरांनी समजावलं, की बाबा, तिला फक्त पायथनमधलं कळतं. ऐकतो कोण? शेवटी राठोडनं वसमत लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. शेलनं बिनदिक्कत सांगितलं, अशी कुठली वस्तू सापडली नाही.

व्यापारी उठले, टोपी नीट केली. "बराबर हाय. पुढाऱ्यांना बी पाच वर्षांतून एकदाच सापडतंय ते!"

*

चुकलं की ही शेल रंगीत चूक दाखवायची. कुठली ओळ, कुठली जागा, सगळं बाण काढून. राठोडच्या प्रोग्रॅमनं पहिल्या आठवड्यात इतक्या चुका दाखवल्या की पडदा होळीसारखा दिसत होता. तारखा उलट्या लागायच्या, काल लावलेलं उसाचं टिपरू आज तोडायला निघायचं!

राठोडचा चेहरा पडला. "सर, मला न्हाई जमायचं. माझा हात कोयत्याचाच."

सर हसले नाहीत. म्हणाले, "मी तीस वर्षं लाल शाईनं चुका काढून राहिलो. पोरं रडतात, पळतात, शाळा सोडतात. हे मशीन चूक दाखवतं अन् पुन्हा तुझ्यासमोर तसंच बसून राहतं, पुढची ओळ लिही म्हणून. एवढा सबुरीचा मास्तर मी बी न्हाई. लिही."

राठोडनं लिहिली. त्यानंतर चौथ्या दिवशी तारखा सरळ झाल्या. त्या दिवशी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहा मिळाला, उधारीवाल्यालासुद्धा!

*

कारखान्यावर जायचा दिवस. तिथल्या मशीनचा भरवसा नव्हता, म्हणून माझ्या कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून राठोड एस.टी.त बसला, शेजारी मी. मांडीवर घेऊन, वरून हात फिरवत. वारंगा फाट्याच्या अलीकडं खड्डे सुरू झाले तसं त्यानं तो छातीशी धरला.

कंडक्टर आला. "हे काय हाय? सामानाचं तिकीट लागंल."

"सामान न्हाई, दादा. हळू बोला, धक्का नका लावू."

कंडक्टरनं गोधडीकडं बघितलं, राठोडच्या चेहऱ्याकडं बघितलं. "मंग अर्धं काढा!"

*

कारखान्यात शेतकी अधिकारी बसलेले, शेजारी एक संचालक. पान तोंडात, बोटात तीन अंगठ्या. राठोडनं मशीन जोडलं, शेल उघडली आणि लागवडीच्या तारखेनुसार सगळ्या गटाची पाळी पडद्यावर आणली. अधिकारी पुढं वाकून बघायला लागले.

संचालक म्हणाले, "माझा ऊस कितवा?"

"दोनशे बारावा, साहेब."

"पहिला कर."

राठोडनं माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघायला लागलो. दर हंगामाला या कारखान्यात माझ्या दुकानाचा माल जातो हो!

राठोडनं कीबोर्डवर हात ठेवले. "करतो, साहेब. एक ओळ लिहायची फकस्त."

"लिही. पर कोणाला कळता कामा नये."

"ते कसं व्हईल, साहेब? ही नवी शेल हाय. लिहिलेली दर एक ओळ नंबर टाकून ठेवते. मशीन बंद केलं तरी जात न्हाई. उद्या कोणी वरचा बाण दाबला की ओळ हजर." राठोड अगदी अदबीनं बोलत होता. "तुमचं नाव पुरं लिहू का, साहेब, का नुसतं आडनाव?"

अधिकाऱ्यांनी रुमाल तोंडाला लावला. संचालकांचं पान या गालातून त्या गालात गेलं, परत आलं. मग ते अधिकाऱ्यांवर कडाडले,

"ह्याला आजच्या आज कामावर घ्या! बाहेर राहिला तर गावोगाव सांगत फिरंल!"