रिकामा चौक

आमच्या गल्लीत मुलींसाठी चित्रांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा आधी एकही मुलगी त्याला जाईना. वर्ग घेणारी ताई ठाण्याहून यायची. घरोघरी फिरून सांगायची, "मुलींचं मन कशानं बरं राहतं, कशानं गुदमरतं, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. बोलता येत नसेल तर रंगवून सांगू दे." बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अपनी गली की कोई औरत दरवाजे पे बैठेगी, तो भेजेंगे."

अशी बाई कोण, तर सगळ्यांनी मलाच पुढे केलं. मी कुणात फार बोलत नाही, इकडचं तिकडे करत नाही. शेजारची भाभी म्हणाली, "इसको बिठाओ. दीवार भी इससे ज्यादा बोलती है." सगळ्या हसल्या. मीही हसले.

वर्ग आमच्याच भागात, भिवंडीतल्या निजामपुऱ्यात, एका बंद कारखान्याच्या वरच्या खोलीत भरायचा. मी कपड्याचे सुटलेले धागे कापायचं काम घरी आणून करते. तेच मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसायची, तोंड जिन्याकडे आणि पाठ मुलींकडे. पहिल्याच दिवशी ताईने सगळ्यांना सांगितलं, "इथलं इथंच राहील. बाहेर कुणी कुणाचं सांगायचं नाही. मावशी, तुम्हीसुद्धा." मी मान हलवली.

त्या मुलींत माझी मुलगीही होती. दहावीला आहे. मला वाटलं होतं, मी दारात असताना ती काय बोलणार? पण माणसाच्या तोंडाला जेवढं भ्यावं लागतं तेवढं पाठीला भ्यावं लागत नसावं. थोड्याच दिवसांत सगळ्या मुली मला विसरल्या.

एकदा ताईने लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, खराब निघालेलं कापड आणलं, तपकिरी रंगात बुडवून वाळवलेलं. प्रत्येकीला एकेक तुकडा दिला आणि म्हणाली, "तुमचा दिवस जिथं जातो ती जागा काढा." कुणी गच्ची काढली, कुणी शाळेचा नळ. एकीने मानकोलीचा पूल काढला आणि त्यावर स्वतःला स्कूटरवर बसवलं, तेव्हा खूप हसणं झालं. माझ्या मुलीने फक्त पांढरा रंग मागून घेतला.

तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "ही आमची खोली. चार भिंती."

"आणि कडेनं हे दातेरी काय?" ताईने विचारलं.

"लूमचा आवाज. भिंतीपलीकडून येतो. चारी बाजूंनी असतो तो. मी अभ्यास करते तेव्हापण, झोपते तेव्हापण."

"मग आत कुणीच नाही?"

"मीच असते ना. पण मला स्वतःला आत काढायचं नव्हतं. म्हणून रिकामं ठेवलं."

माझी कात्री थांबली. मागे वळून बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही.

मी लग्न होऊन याच खोलीत आले. पहिल्या दिवसांत त्या आवाजाने मला जेवण जात नव्हतं. मग कधी तो ऐकू येईनासा झाला, मला कळलंही नाही. त्या दिवशी घरी येऊन चूल पेटवली आणि तो पुन्हा ऐकू आला. तेव्हापासून थांबलेला नाही.

पुढे ताईने ती कापडं गल्लीतल्या लोकांना बघायला दोरीवर टांगली. कुठल्याच कापडावर नाव नव्हतं. सासूबाई वज्रेश्वरीच्या पलीकडच्या आमच्या पाड्यावरून तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, त्याही बघायला आल्या. एकेक कापड बघत पुढे गेल्या आणि माझ्या मुलीच्या कापडासमोर त्यांनी पायातल्या चपला काढून हात जोडले.

आमच्यात लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकोन, चारी बाजूंना दातेरी नक्षी आणि मधोमध देवी. तो सवाष्णींनीच काढायचा, कुवार पोरीने त्याला हात लावायचा नाही. चौकाशिवाय लग्न लागत नाही. माझी मुलगी भिवंडीतच वाढली. लहानपणी पाड्यावर लग्नं बघितली असतील, त्यातली ती कड तिच्या हातात राहिली असेल. आपण काय काढलंय, हे तिला माहीत नव्हतं. उंबऱ्यावर बसून मलाही दिसलं नव्हतं.

"ह्यो चौक कुणी काढला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी, आजी."

"तू न्हाय गं. देवीनं काढून घेतला तुझ्या हातून."

पाड्यावरच्या एका मुलाचं स्थळ आधीच आलेलं होतं. मानकोलीला गोदामात पॅकिंगला जातो, वागायला बरा आहे. आम्ही दहावी होऊ दे म्हणून थांबवलं होतं. सासूबाईंनी घरी येताच सांगितलं, देवीनेच खूण दिली, आता थांबायचं नाही. साखरपुडा करून ठेवायचा, लग्न वय भरल्यावर.

"पण शाळा?" मुलगी म्हणाली.

"साखरपुडा झालेली पोर दप्तर घेऊन लूमवाल्यांच्या गल्लीतून फिरत न्हाय."

माझा नवरा जेवत होता. वर्षानुवर्षं लूमवर काम करून त्याचे कान अर्धे गेलेत. पण हे त्याला ऐकू गेलं होतं. त्याने ताटातून मान वर केली नाही.

मुलीने माझ्याकडे बघितलं. ती त्या चौकोनाबद्दल काय बोलली होती, ते तिथल्या मुली आणि ताई सोडल्या तर मलाच माहीत होतं. आणि मी मान हलवून शब्द दिला होता. शेवटी मी एवढंच म्हटलं, "आई, तो चौक नाही."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना उलट बोललेलं त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "मग काय हाय?"

"ते तिला विचारा."

आमच्या घरात मुलीला असं विचारायची पद्धत नाही. तरी त्या वळल्या. "काय काढलंस गं?"

"आपली खोली, आजी."

"खोलीला अशी नक्षी असते व्हय?"

"नक्षी नाय ती. आवाज आहे. लूमचा."

लूम भिंतीपलीकडे चालूच होते. सासूबाईंनी खरंच कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "कुठं काय? मला तर कायबी ऐकू येत न्हाय." आणि हसल्या. "तोंड पोरीचं हाय, हात देवीचा. मी हाताचं ऐकीन."

आमच्यात चौक रिकामा ठेवत नाहीत. आत देवी काढली की तो पुरा होतो, मगच पुढची बोलणी. आणि देवी काढायची ती घरच्या सवाष्णीने. सासरे गेलेले, म्हणजे मीच. सासूबाईंनी ते कापड मागून आणलं, भिंतीला लावलं, वाटीत तांदळाचं पीठ कालवलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "भर."

मी वाटी हातात घेतली. मुलगी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. मी तिला विचारलं, "भरू का?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

मी वाटी खाली ठेवली आणि भाकऱ्या करायला बसले.

नवरा नंतर म्हणाला, "आईला कशाला दुखवतेस? चार रेघा तर आहेत." मी पीठ वाळलेली वाटी घासायला घेतली. मला एवढंच जमतं.

तेव्हापासून असंच चाललंय. सासूबाई पाड्यावर परत जायचं नाव घेत नाहीत. मनात आलं की पीठ कालवतात आणि वाटी माझ्यासमोर सरकवतात. मी धागे कापत राहते. पीठ वाळून तडकतं, मग मी वाटी घासून ठेवते. त्या माझ्याशी बोलत नाहीत, वाटीच बोलते. आमच्या एवढ्याशा खोलीत त्या भिंतीकडे पाठ करून बसायलाही जागा नाही. कुठेही बसलं तरी तो चौकोन दिसतो.

स्थळवाल्यांचा निरोप आला होता. सासूबाईंनी कळवलं, चौक अजून भरायचा आहे.

मुलगी सकाळी दप्तर उचलते, आधी वाटीत डोकावते आणि मग जिना उतरते. वर्ग चालू आहे. मी दारात बसते. मध्ये ताईने विचारलं, "मावशी, तुम्हालाही एक तुकडा देऊ का?" मी नको म्हटलं. माझ्या वाट्याचं कापड घरी भिंतीवर आहे, आणि तिथे काही काढायचं नाही, हेच मला सांभाळायचं आहे.

आज पुन्हा वाटी पुढे आली आहे. पीठ अजून ओलं आहे.