छत्री छाप

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. शोकसभेनंतर मात्र माझ्या गप्प बसण्याची मलाच किळस आली. माझा मित्र वसंता गेला, त्याला महिना होत आला. ज्या व्यापाऱ्याने त्याच्या पापडाच्या पाकिटावरचं चित्र पळवलं, तोच सभेत हार घालून म्हणाला, “नागलीच्या पापडाला वसंतरावांनी ओळख दिली.” डोळेही पुसले... लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्यातली नोकरी सुटल्यावर वसंताने आणि सिंधूवहिनींनी पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर पापडाचा धंदा सुरू केला. पेठ तालुक्यातली नागली, म्हणजे नाचणी, आणि वहिनींचा हात. माझा पाकिटं छापायचा छोटा छापखाना होता. चित्र काय टाकायचं ते बघायला गच्चीवर गेलो, तर वाळवणाशेजारी कावळे येऊ नयेत म्हणून काळी छत्री उघडून ठेवलेली, एक काडी मोडून लोंबणारी. तीच काढली. वहिनी म्हणाल्या, “अहो भावजी, निदान चित्रात तरी धड छत्री द्या!” वसंता हसला. “राहू दे गं. मोडकी आहे म्हणून तर आपली वाटते.” छत्री छाप चालली. कळवणपर्यंतचे दुकानदार नाव घेत नसत, छत्रीच मागत. वसंताला चित्राची नोंदणी करायची होती. मीच त्याची टिंगल केली, “पापडाची छत्री कोण चोरतंय रे?”

दोन हजार सालानंतर तो व्यापारी माझ्याकडे आला. “तशीच छत्री टाका, फक्त लाल करा.” गिऱ्हाइकांची मूळ चित्रं तेव्हा छापखान्यातच पडून असत. मी वसंताचं काढलं आणि रंग बदलला. मोडकी काडीसुद्धा तशीच राहिली. त्याने छत्री स्वतःच्या नावावर नोंदवली आणि उलट वसंतालाच नोटीस धाडली, की आमचं चित्र वापरणं थांबवा.

वसंता नोटीस घेऊन आला. “अप्पा, वकील म्हणतो, आपण आधीपासून वापरतोय हे दाखवलं तर चित्र वाचेल. तू एवढंच सांग, की ही छत्री आमच्या गच्चीवर काढलीस.”

ते सांगितलं असतं, तर लाल छत्रीची पाकिटंही मीच छापली हे उघड झालं असतं. मी म्हणालो, “रोज इतकी चित्रं काढतो. कुठली कुणाची, लक्षात कुठं राहतं?”

“मोडकी काडीपण नाही?”

मी मान फिरवली.

छत्री गेली. वसंता नुसत्या नावाची पाकिटं घेऊन दुकानं फिरू लागला. एकदा माझ्यादेखत मेन रोडचा एक दुकानदार त्याला म्हणाला, “छत्री कुठंय काका? डुप्लिकेट माल नको आपल्याला.” वसंताने पाकिटं परत पिशवीत भरली. त्या दुकानदाराची शिसारी आली, व्यापाऱ्याची तर येतेच. पण दोन हातांच्या अंतरावर उभा असून मीही तोंड उघडलं नाही, त्याची सगळ्यात जास्त येते. लाल पाकिटं कुणी छापली, हे वसंताने मला कधी विचारलं नाही. त्याला कळलंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो.

शेवटचं भेटायला गेलो तो सांगायचंच ठरवून. वसंता अंथरुणाला खिळला होता. “असल्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढलास? कमाल आहे तुझी,” म्हणाला. वहिनी चहा देऊन आत गेल्या. तो माझ्याकडे बघत राहिला, काही ऐकायचं राहिल्यासारखा... ‘वसंता, मी चुकलो’ एवढंच म्हणायचं होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “येतो.”