पडीचं

माझी मावशी जुन्या दफनभूमीत बत्तीस वर्षं माळीण होती आणि मी तिथल्याच ऑफिसात कारकून. मला नोकरी तिनेच लावून दिली. "मेलेली माणसं कटकट करत नाहीत, सुखात राहशील," असं म्हणाली होती. मेलेल्यांबद्दल तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. कटकट सगळी जिवंतांची होती.

दफनभूमी दीडशे वर्षांची. तिथली झाडं शोभेसाठी लावलेली आहेत असं कोणी म्हटलं की मावशी नाक मुरडायची. सरू का लावायचा, तर तो बुंध्यातून तोडला की पुन्हा फुटत नाही, आणि गेलेलं माणूसही परत येत नाही. लिली निष्पापांसाठी. दगडावर गुलाबाची कळी कोरलेली असेल तर खाली लहान मूल, उमललेलं फूल असेल तर भरल्या संसारातलं माणूस. नवराबायकोच्या जोडकबरीवर वेल, कारण धरलेलं तो सोडत नाही. "हे मात्र साफ खोटं," ती म्हणायची. "सातव्या रांगेतल्या त्या दोघांना मी जिवंतपणी भांडताना ऐकलंय." हे सगळं ज्ञान तिच्या आधीच्या म्हाताऱ्या माळ्याचं. त्याच्या हाताखाली काम करता करता तिने ते उचललं.

दफनभूमीच्या खालच्या अंगाला, पंपघराच्या मागे, जमिनीची एक पट्टी होती. महिन्याच्या आत गेलेली बाळं पूर्वी तिथे पुरायचे. त्यांना दगड नाही, नोंदवहीत नाव नाही, असा तेव्हाचा नियम. त्या पट्टीवर सदाफुली होती. सगळी गुलाबी, फक्त तिसऱ्या रांगेतलं एक झुडूप पांढरं.

माळीकामात एक शब्द आहे, पडीचं. म्हणजे कोणी लावलेलं नाही, बी पडून आपोआप उगवलेलं. लावलेल्या झाडाची चौकशी होते, कोणी लावलं, कोणाला विचारून लावलं. पडीच्या झाडाला कोणी काही विचारत नाही. नोकरमाणसांनी आपल्या मर्जीने काहीही लावायचं नाही हा नियम इतका कडक होता की खड्डे खोदणाऱ्या एकाला मोगऱ्याच्या एका रोपापायी घरी बसवलं होतं. त्यामुळे खालच्या पट्टीबद्दल कोणी विचारलं की मावशी सांगायची, "पडीचं आहे." साहेब बदलत गेले, तिचं उत्तर बदललं नाही.

एकदा मी तिला तिथे उकिडवी बसलेली पाहिलं. पांढऱ्या झुडपाभोवती उगवलेली गुलाबी रोपं ती चिमटीत धरून एकेक उपटत होती.

"मावशी, पडीच्या झाडाची एवढी मशागत?"

"पडीचंच आहे रे. पण बघ ना, कसं शहाण्यासारखं रांगेत पडलंय."

मी हसलो. बावळटासारखा हसलो आणि चहा प्यायला निघून गेलो.

मावशीच्या निवृत्तीच्या वर्षी दफनभूमीला तिचं मूळ रूप परत देण्यासाठी एक समिती नेमली गेली. समितीबरोबर एक तज्ज्ञ बाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, उलट फारच गोड होत्या. दोन दिवस त्या मावशीच्या मागे मागे फिरल्या, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड केलं, आणि प्रत्येक झाडाचा अर्थ ऐकून "अय्या, किती सुंदर!" म्हणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही खालच्या पट्टीपाशी पोचलो. साहेब होते, मी वही घेऊन उभा होतो.

"आणि इथे काय आहे, मावशी?"

मावशीने साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बत्तीस वर्षं एकच उत्तर देऊन वळलेली जीभ ती.

"पडीचं आहे," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे पुढच्या आठवड्यात बैठकीत ठरलं. बैठकीला माळणीला कोण बोलावतो? मूळचं लावलेलं तेवढं ठेवायचं, नंतर आपोआप उगवलेलं सगळं काढायचं आणि तिथे हिरवळ करायची. यादी मीच टाइप केली. "खालची पट्टी: सदाफुली, पडीची. काढावी." 'पडीची'मधला एक दीर्घ ऱ्हस्व झाला होता. तो मी मन लावून दुरुस्त केला.

उद्घाटनाच्या दिवशी मावशीला हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवलं. तज्ज्ञ बाई भाषणात म्हणाल्या, "मावशी म्हणजे चालतंबोलतं पुस्तक आहे." टाळ्या झाल्या. मावशीच्या हातात लिलीचा गुच्छ दिला गेला. पाहुणे हॉलमध्ये आहेत तोवर मागची बाजू उरकून टाका, असं साहेबांनी ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं. त्याप्रमाणे त्याने यंत्र फिरवून पट्टी उरकली.

कार्यक्रम संपल्यावर मावशी गुच्छ घेऊन खाली आली. मी तिच्याबरोबर होतो. समोर सपाट, ताजी, काळी माती होती आणि दोन माणसं हिरवळीचे तुकडे अंथरत होती.

"पांढरं कुठे गेलं?" तिने विचारलं.

"कुठलं पांढरं?"

"तिसऱ्या रांगेतलं. तिथे माझी पोर आहे."

नऊ दिवसांची होऊन गेली होती. सासरच्यांनी ताकीद दिली होती, या घरात पुन्हा तिचा विषय नको. मावशीने तो काढला नाही. तिने दफनभूमीत नोकरी धरली. पोरीच्या जागेवर पांढरी सदाफुली लावली, आणि शेजारच्या प्रत्येक बाळावर गुलाबी. "त्यांनाही कोणीतरी आई होतीच की," म्हणाली. सदाफुली का, तर ज्याला दगड नाही त्याच्यावर ती लावतात, बारा महिने फुलते, कोणी आलं नाही तरी फुलते. बाईंच्या मोबाइलमध्ये तिने एवढा एकच अर्थ भरला नव्हता. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, मावशीला झाडांचं वेड आहे! मी तिचा सख्खा भाचा. मला शरम वाटली, आजही वाटते.

पुढच्या महिन्यात हिरवळीच्या सांध्यांमधून सदाफुलीची रोपं वर आली. यंत्राने बी सगळीकडे उधळलं होतं. त्यांना फुलं धरेपर्यंत मी गवत कापणाऱ्याला हातापाया पडून थांबवलं. पांढरी फुलं अकरा ठिकाणी आली. मावशी एकेका रोपापाशी थांबली आणि पुढे गेली. आता ती रोपं खरंच पडीची होती. नंतर गवत कापलं गेलं.

मी समितीला अर्ज केला, तिथे एक लहानसा दगड बसवू द्या. समितीने नम्रपणे उत्तर दिलं की दफन झाल्याचा पुरावा जोडावा. पुरावा एकच होता, आणि तो उपटायचा कागद माझ्या हातचा होता. मावशीला मी तसं रडत सांगितलं. ती चिडली. "तू टाइप केलंस. बोलले तर मीच ना?"

निवृत्त झाली तरी ती दर आठवड्याला येते. हिरवळीवर लोक पथारी पसरून बसतात, मुलं लोळतात. मावशी पट्टीला बाहेरून पूर्ण वळसा घालते, पंपघराच्या चिखलातून, भिंतीला धरून. गुडघे दुखतात तिचे. परवा मी म्हणालो, "मावशी, कशाला एवढा त्रास? हिरवळीवरून ये ना सरळ."

"येते की," ती म्हणाली. "कुठे पाय ठेवू, तेवढं सांग."

दफनभूमीचे सगळे नकाशे माझ्या कपाटात आहेत. त्या पट्टीवर एकातही खूण नाही.