शेजारची बाही

फोटो स्टुडिओत मधलीचं काम एकच: नको ते काढून टाकायचं. कुणाच्या गालावरची पुटकुळी, कुणाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कुणाचा मोडलेल्या संसारातला जावई. तीन बहिणींतली ती मधली, म्हणून घरीदारी तेच नाव पडलं. माणूस काढणं सोपं. अवघड असतं ते मागे उरलेलं भोक बुजवणं. त्यासाठी शेजारचंच ओढून आणावं लागतं. भिंत असेल तर भिंत, बाई असेल तर तिची बाही. "नीट बुजवलं तर गेलेल्यालाही पत्ता लागत नाही," मालक म्हणायचे.

पंचेचाळिशी उलटल्यावर तिने कलामहाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

"हौसेला मोल नसतं," थोरली म्हणाली, "पण जिन्याला पायऱ्या असतात. गुडघे सांभाळ."

चित्रं राहिली बाजूला, आधी वर्षभर वाचनच. समीक्षेच्या सिद्धांतांची ती जाडजूड पुस्तकं मधलीच्या डोक्यावरून जायची. एक गोष्ट मात्र पक्की बसली: काम पुरं झालं की करणाऱ्याने बाजूला व्हावं, अर्थ बघणारा लावतो. वर्गातली रीतही तीच. आपल्या कामाची चर्चा चालू असताना करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मधलीला हे पहिल्या दिवसापासून जमलं. घरी तरी तिला कोण बोलू देत होतं?

वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी तिने घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रती घेतल्या आणि एकेका प्रतीतून स्वतःला काढून टाकायला लागली.

मार्गदर्शक बाई खूश झाल्या. "राबणाऱ्या बाईचं याहून नेमकं चित्र कोणतं? फक्त खुलासा करायचा नाही. कुणापाशीच."

पहिला फोटो धाकटीच्या लग्नातला. त्यात मधली वाकून नवरीच्या साडीचा उसवलेला काठ शिवत होती, पलीकडे थोरली उभी होती. प्रत तयार झाली, आणि त्याच आठवड्यात धाकटी गप्पांच्या ओघात म्हणाली, "माझ्या लग्नात तू तापाने फणफणली होतीस ना? काठ उसवला तेव्हा थोरलीने टाका घातला म्हणून निभावलं."

मधलीने अल्बम काढला. मूळ फोटोत ती होती, सुईदोऱ्यासकट. धाकटीने तो डोळ्यांजवळ नेला.

"हो की. असशील." आणि तिची नजर उतारावरून पाणी जावं तशी घसरून थोरलीवर गेली.

सहलीच्या फोटोनंतर वडील सांगू लागले की त्या दिवशी गाडी शेजारच्या काकांनी चालवली. मूळ फोटोत चाकामागे मधली होती आणि तिच्या बाजूला काका. भोक बुजत होतं, तेही शेजारच्यानेच. मधली गप्प राहिली. रीत होती म्हणून. आणि खरं सांगायचं तर तिला थोडी गंमतही वाटली. आजवर तिने काही केल्याने या घरात पानही हललं नव्हतं.

शेवटचा फोटो लेकीच्या जन्माचा. दवाखान्यातली खाट, मधलीच्या हातात बाळ, बाजूला हिरव्या पोलक्यातली थोरली. हा नको, म्हणून मधली अडून बसली.

"मग मालिका अपुरी," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "अपुऱ्या कामाला मी पास कशी करू?"

जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओ रिकामा होता तेव्हा तिने तो उघडला. केस गेले, चेहरा गेला, खांदा गेला. थोरलीची हिरवी बाही ओढून तिने बाळाखाली आणली. तेवढ्यात फोन वाजला. लेक होती.

"मावशी, कपाटाची किल्ली तुझ्याकडे आहे का गं?"

"मावशी कोण? मी आई बोलतेय."



"हो... आई. तेच म्हणायचं होतं."

मधलीने काम तसंच बंद केलं, जतनही केलं नाही. प्रत होती तशी झाली. तिचा चेहरा जागेवर होता. तिने लगेच मार्गदर्शक बाईंना फोन लावला. "शेवटचा देत नाही."

"मग यंदा पास होणं विसरा."

"विसरले," मधली म्हणाली आणि घरी निघाली.

लेकीने दार उघडलं. "या ना, बसा," असं म्हणून ती बाजूला झाली. मग पाणी आणलं, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या काचेच्या पेल्यात. ट्रेवर.

मधली आपल्याच खुर्चीच्या कडेला टेकली. आता गप्प राहून भागणार नव्हतं.

"तू झालीस ना, त्या दिवशी," तिने सुरुवात केली, "खिडकीचा पडदा सारखा उडत होता. नर्सने तुला गुंडाळून आणलं, आणि..."

ती थांबली. पुढचं आठवायला गेली तर स्वच्छ दिसलं: हिरवी बाही, थोरलीचे हात, त्यांत बाळ. खाट रिकामी. मधली स्वतः कुठेच नव्हती.

"आणि?" लेकीने विचारलं.

"आणि माझ्या हातात दिलं," मधली म्हणाली.

मग हात कसे भरून आले, टाळूला कसला वास होता, बाळाने कोणतं बोट धरलं, हे सगळं ती त्या क्षणी जुळवत गेली. एकही गोष्ट आठवत नव्हती. श्वास घ्यायलाही ती थांबली नाही.

लेकीने खुर्ची जराशी पुढे ओढली. "मी रडत होते?"

"छप्पर उडेल इतकी."

"मग गप्प कशी झाले?"

मधलीने पेला खाली ठेवला आणि पुढचं रचायला घेतलं.