काळ्या पट्टीचा मान

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. मागं एकदा हे सांगत होतो तर ऐकणाऱ्याच्या नाकातून चहा आला, आणि बोलणी मी खाल्ली. आता माझ्या मूर्खपणाला मी तरी काय करू?

आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. नदी घाटाच्या किती पायऱ्या चढली, यावर पावसाळ्यात आमची झोप ठरते. म्हणून पुरातून माणसं काढायला गावानं स्वयंसेवकांचं पथक उभं केलं. माझं कपडे शिवायचं दुकान, पन्नाशी उलटलेली, तरी मी नाव दिलं. सेवाभाव होताच हो, पण खोटं कशाला बोलू? डोळा होता बोटीवर! नवीकोरी रबरी बोट, आणि पहिल्या बोटीतल्या सहा जणांना नारिंगी जॅकेट. जागा सहा आणि आम्ही वीस. मे महिन्यातल्या सरावात जो चमकेल, तो बोटीत!

सराव घेणारे सुभेदार आप्पा, फौजेतून निवृत्त. सकाळी त्यांनी तासभर सगळं समजावून सांगितलं म्हणे. म्हणे, कारण मी तेव्हा गाड्यावर कांदाभजी खात होतो.

परत आलो तर आप्पांच्या हातात रंगीत पट्ट्या. आमच्यातल्याच काहींनी पुरात सापडलेली माणसं व्हायचं आणि गळ्यात एकेक पट्टी घालायची. लाल, पिवळ्या, हिरव्या बऱ्याच होत्या. काळी एकच!

आता तुम्हीच सांगा, कराटेत सगळ्यांत वरचा पट्टा कोणता? आमची पुतणी त्याच्यासाठी तीन वर्षं लाथा झाडतेय. मी लगेच हात वर केला.

"आप्पा, काळी मला!"

"तुमाला?" आप्पांनी मला खालीवर न्याहाळलं. "सोच लो."

"आवं, सोचायचं काय त्यात? काळी शोभंल असा दुसरा हाय कोन हितं?"

सगळे पोट धरून हसले. मला वाटलं, जळतायत लेकाचे!

आणि काळीचं काम काय सोपं! लाल पट्टीवाल्यांना भर उन्हात स्ट्रेचरवर घालून पळवत होते. मला मात्र वडाच्या सावलीत चादरीवर निजवलं आणि सांगितलं, हलायचं नाही, बोलायचं नाही. वरचा दर्जा म्हटल्यावर एवढा आराम हवाच की! पोटात भजी, अंगावर नदीचा वारा. मी गाढ झोपलो.

इकडं सराव बघायला आलेल्या शेजारच्या भरतनं माझा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. बायकोनं तो बघितला, "हितंबी घोरत्यात," म्हणाली आणि कौतुकानं आपल्या भावाला पाठवला. आमचा हा मेव्हणा माधवनगरला राहतो आणि ॲम्ब्युलन्स चालवतो. सगळ्या सोयऱ्यांत त्या पट्टीचा अर्थ ठाऊक असलेला तो एकटाच!

त्याचा फोन आला. "ताई, धीर धर. मी निघालो." बायकोनं घाबरून मला फोन लावला. पण आम्हा पथकवाल्यांचे फोन पाण्याच्या भीतीनं बंद करून पिशवीत ठेवलेले. पुढचं काम गावानं केलं.

चार वाजता मी पट्टी मिरवत मागच्या बोळातून घरी आलो. बघतो तर अंगण भरलेलं! शेजारच्या काकू पिठलं-भाकरीची पाटी घेऊन उभ्या. मेव्हण्याच्या हातात हार. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिथली चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात, हे मला काय माहीत नाही? पण डोक्यात बोट शिरलेली ना! मला वाटलं, सत्कार!

"आरं, येवढं कशाला रं? अजून निवड व्हायचीय!"

काकूंच्या हातातली पाटी खाली पडली. मी सरळ मेव्हण्यापुढं मान वाकवली.

"घाल की रं हार. लाजतुस काय?"

"दाजी... तुमी जित्तं हायसा?"

"मग? काळी मिळालीया म्हटलं, काळी!"

"आवं, लाल म्हंजी आदी उचला. पिवळी म्हंजी थांबलं तर चालंल. हिरवी म्हंजी मानूस आपल्या पायानं चालतंय."

"आन् काळी?"

"काळी म्हंजी काय घाई न्हाई. ग्येला त्यो!"

आणि ती मी मागून घेतली होती. हात वर करून!

एवढ्यात बायको घरातून धावत आली. आधी पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, मग माझा सदरा मुठीत धरून रडायला लागली. "पुन्यांदा मेलासा तर बगा!" खरं सांगतो, तीस वर्षांच्या संसारात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

आणलेलं पिठलं वाया कशाला घालवायचं? भाकरी झटकून सगळे अंगणातच जेवायला बसलो. तेवढ्यात बातमी ऐकून सुभेदार आप्पा धापा टाकत आले. मला भाकरी मोडताना बघून मटकन खालीच बसले. मी संधी साधली.

"आप्पा, बोटीचं काय माझं?"

"घेतलं तुमाला. पैल्याच बोटीत! फौजेत लय सराव घेतलं, पर इतकं मन लावून मेलेला मानूस बगितला न्हाई."

तेव्हापासून दर सरावाला पहिल्या बोटीत माझी जागा पक्की आहे. पाच जण बसतात आणि मी मधोमध आडवा, गळ्यात काळी पट्टी. मागच्या खेपेला धीर करून नारिंगी जॅकेटही मागितलं. आप्पा म्हणाले, "तुमाला कशाला? तुमाला आता बुडायचं भ्या न्हाई!"